सोला मतलब सोला

कोटेशनवर स्वच्छ लिहिलं होतं: डीडीआर४, ३२००, ८ जीबी × २. खाली पेनाने रेघही मारली होती. मीच मारली होती, दुकानदाराच्या डोळ्यांदेखत. तरी घरी आलेल्या कॉम्प्युटरमध्ये रॅमची एकच स्टिक निघाली, १६ जीबीची. घरातल्यांच्या मते हे प्रकरण केव्हाच संपलं. ताई तर म्हणते, तू अजून त्या रॅमवर बसलीयस? हो, बसलेय.

आधीचं थोडक्यात. २०२३ साली भाच्याची बारावी झाली, इंजिनिअरिंगला नंबर लागला, कॉम्प्युटर हवा होता. भाऊजींनी 'अभ्यासासाठी' तीस हजार काढून दिले. अभ्यास सोडून बाकीचं जे काही त्यावर होणार होतं, त्यासाठीचे वरचे पंधरा मी घातले. हे भाऊजींना आजही माहीत नाही. पंचेचाळीस हजारांत मॉनिटर, कीबोर्ड, यूपीएस असं सगळं बसवायचं होतं. लॅपटॉप का नाही, असं सगळेच विचारतात. त्या किमतीच्या लॅपटॉपवर मे महिन्यात डोंबिवलीत तासभर गेम खेळून बघा आणि मग मांडीवर हात ठेवून सांगा.

मी पतपेढीत हिशेब बघते. गेम खेळत नाही, खेळणार नाही. पण कोणी म्हणालं की इतक्या पैशांत हे बसत नाही, तर ते बसवून दाखवायची मला खोड आहे. दोन आठवडे रात्री जेवणं झाली की भाचा आणि मी एक्सेलची शीट उघडून बसायचो. एका रकान्यात त्याला हवं ते, दुसऱ्यात परवडतं ते. पहिला रकाना रोज छोटा होत गेला.

ग्राफिक्स कार्डचा निकाल सुरुवातीलाच लागला. त्याला आरएक्स ६६०० हवं होतं, आणि ते तेव्हा वीस हजारांच्या पुढे होतं. उरलेल्या पैशांत काय, रिकामा डबा घ्यायचा? मग त्याने सेकंड हँडचा धोशा लावला. २०२२च्या सप्टेंबरमध्ये इथेरियमचं ग्राफिक्स कार्डांवरचं माइनिंग बंद झालं आणि तोवर रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने बाजारात आली. पुसूनपासून, नव्या खोक्यात घालून, 'घरगुती वापर' असं लिहून. त्यातच आरएक्स ५८०ची एक भानगड. या नावाची दोन कार्डं फिरतात. एकात २३०४ कोअर असतात, दुसऱ्यात २०४८. दुसऱ्याच्या नावापुढे बारीक अक्षरात '२०४८ एसपी' असं असतं, आणि विकणारा नेमकं तेवढंच लिहायचं विसरतो. बिल नाही, वॉरंटी नाही, समोरचा माणूस स्टेशनबाहेर भेटणार. मी सरळ नाही म्हटलं.

म्हणून ठरला रायझन ५ ५६००जी. शेवटचा 'जी' महत्त्वाचा, कारण प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स आहे, वेगळं कार्ड लागत नाही. व्हॅलोरंट आरामात चालतं, जीटीए फाइव्ह सेटिंग उतरवून चालतं. पुढे पैसे जमले की कार्ड घालता येईल, म्हणून वीज पुरवणारा एसएमपीएस ४५० वॅटचा आणि नावाजलेल्या कंपनीचा घ्यायचा, त्यावर काटकसर करायची नाही, हेही ठरलं. लोक दिव्यांच्या पंख्यांवर दोन हजार घालवतात आणि एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला वापरतात. नंतर व्होल्टेज वरखाली झालं की बोर्ड जळतो आणि दोष वीज कंपनीला.

आता मुद्द्याची गोष्ट. वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते. ५६००जीला नसते, तो चित्र काढायला आपल्या रॅममधूनच उचलतो. त्यामुळे रॅम किती आहे याइतकंच ती किती दारांनी आत-बाहेर करते हे महत्त्वाचं. ३२००च्या डीडीआर४ची एक स्टिक टाकली तर सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी ये-जा होते. दोन टाकल्या, दोन चॅनेलवर, तर ५१.२. आमच्या पेढीत महिन्याच्या एक तारखेला एकच कॅश काउंटर उघडा ठेवला तर तिजोरीत कितीही रोकड असो, रांग हलत नाही, तसंच हे. म्हणून ८ × २. म्हणून ती रेघ.

लॅमिंग्टन रोडला गेलो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचं आणि गर्दीबरोबर चालत सुटायचं. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. माझ्या वडिलांच्या पिढीला हा रस्ता मिनर्व्हातल्या 'शोले'साठी माहीत होता. आमच्या पिढीला केबल, ट्रान्झिस्टर आणि कॉम्प्युटरसाठी. दुकान अरुंद, वर माळा, माळ्यावर जुळणी करणारी दोन पोरं. मालक बोलायचा तो भाच्याशी. प्रश्न मी विचारायची, उत्तर त्याला मिळायचं. मी म्हटलं, बी४५० बोर्डवर बायॉस नवा आहे ना, ५६००जी उचलेल ना? तो भाच्याकडे बघून, "हां भाई, उठाएगा." भाचा बिचारा माझ्याकडे बघायचा. हे मी तेव्हा मनावर घेतलं नाही, कारण भाव बरा मिळत होता. कोटेशन झालं, पैसे भरले. जुळणीला वेळ लागेल, उद्या माणसाबरोबर घरी पाठवतो, म्हणाला.

कॅबिनेटच्या बाबतीत मी हरले होते. भाच्याला एका बाजूने काच असलेली, पुढे तीन रंगीत पंख्यांची हवी होती. दिव्यांनी एक फ्रेम वाढत नाही हे त्याला मी आकडेवारीनिशी सांगितलं होतं. पण सगळंच आपल्या मनासारखं केलं तर पोराचं त्यात काय राहिलं? घेतली. आणि त्याच दिव्यांच्या जांभळ्या उजेडात, पहिल्याच रात्री, काचेतून मला दिसलं. प्रोसेसरच्या पंख्याशेजारी दोन लांब काळ्या खाचा. एकीत स्टिक उभी. दुसरी मोकळी, तिची खिट्टी बाहेर पडलेली. भाच्याला म्हटलं, टास्क मॅनेजर उघड. मेमरीच्या पानावर खाली लिहिलेलं होतं, दोनपैकी एक स्लॉट वापरात.

बिल काढलं. 'रॅम १६ जीबी डीडीआर४, १ नग, ३,९००.' कोटेशनमध्ये ३,९०० हा दोन स्टिकच्या जोडीचा भाव होता. एकट्या १६च्या स्टिकचा भाव त्या आठवड्यात ३,४००च्या आसपास होता, माझ्या शीटमध्ये तारखेसह होता. म्हणजे वस्तू बदलली आणि किंमत तीच ठेवली. पाचशे रुपये. पाचशे रुपयांसाठी एवढं? असं भाऊजी म्हणाले. आमच्या पेढीत संध्याकाळी एक रुपयाचा फरक आला तरी खिडकी बंद करून तो सापडेपर्यंत बसतात, घरी जात नाहीत. मला पाचशेचं वाईट वाटत नव्हतं. मी रेघ मारली होती.

शनिवारी स्टिक, बिल, कोटेशन घेऊन दोघं परत गेलो. मालकाने कोटेशनकडे बघितलंसुद्धा नाही. "मॅडम, सोला मतलब सोला. आठ और आठ सोला, ये भी सोला." मी म्हटलं, दोन चॅनेल. तो म्हणाला, गेमिंगमध्ये काही फरक पडत नाही. मी म्हटलं, ग्राफिक्स कार्ड असतं तर थोडा पडला असता, इथे कार्डच नाही, इथे तिसरा हिस्सा जातो. मग म्हणाला, जोडी स्टॉकमध्ये नव्हती. मग फोन का नाही केला? यावर त्याने माळ्यावरच्या पोराला उगाच हाक मारली. मग म्हणे, सील तुटलं, परत घेता येणार नाही. माझ्याकडे सील आलंच नव्हतं, स्टिक त्यांनीच लावून पाठवली होती. मागे गिऱ्हाइकं ताटकळली होती. कोणीतरी हसलं.

मग तो भाच्याकडे वळला. "भाई, तुम समझाओ इनको. बोर्ड में दो ही स्लॉट है. दो आठ डालेगा तो स्लॉट खतम. आगे जाके बढ़ाना होगा तो दोनों निकाल के फेंकेगा? अभी एक सोला है, कल एक और डालेगा, बत्तीस."

हे वाक्य मला अजून रात्री आठवतं, कारण ते चुकीचं नाही. हेच त्याने पैसे घेण्याआधी, काउंटरवर, माझ्या तोंडाकडे बघून सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं, कदाचित मान्यही केलं असतं. त्याने माझ्या वतीने शहाणपणा केला, मला न विचारता केला, आणि त्या शहाणपणाचे पाचशे रुपये घेतले. खोटं बोलून गळ्यात माल मारणारा परवडला, त्याला निदान शिव्या घालता येतात.

शेवटी म्हणाला, दुसरी १६ची स्टिक खरेदी भावात देतो, ३,२००. शेजारच्या दुकानातून मी घेतली असती, पण त्याच कंपनीची, तशीच मिळेना. दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्टिक एकमेकींशी नीट वागतीलच असं नाही. म्हणजे ज्याने फसवलं त्याच्याचकडे आणखी पैसे मोजायचे. मोजले. बजेट पंचेचाळीसच्या बाहेर गेलं, आणि ते शीटमध्ये मी लाल रंगाने लिहिलं. पाचशे त्याने परत दिले नाहीत. चहा विचारला.

घरी आल्यावर मीच दुसरी स्टिक खाचेत दाबली. भीती वाटते इतका जोर लावावा लागतो. मग खिट्टी टक्कन बसते. बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी सुरू केलं, नाहीतर ३२००ची रॅम बापडी २४००वरच चालत बसते, आणि दुकानवाले ते करून देत नाहीत. जीटीए चाळिशीच्या घरातल्या फ्रेमवरून साठीच्या आसपास गेलं. मी विजयी मुद्रेने भाच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आधीपण चाललंच होतं की, मावशी."

कोणाला घ्यायचं असेल त्यांनी एवढं करावं. बिलावर नगांची संख्या आणि प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. रिकामी खोकी मागून घ्यावीत, वॉरंटीला लागतात. जुळणी समोर उभं राहून करून घ्यावी, मग कितीही वेळ लागो. आणि बाईमाणसाने दुकानात जाताना बरोबर कोणा पुरुषाला नेऊ नये. एकटीने गेलं की निदान उत्तर तरी आपल्याकडे बघून देतात. मॉनिटरच्या वेळी मी एकटीच गेले होते. सहा-सात महिन्यांत पडद्यावर उभी रेघ आली म्हणून. तेव्हा त्याच मालकाने सर्व्हिस सेंटरच्या फेऱ्या मारायला न लावता आपल्याकडचा दुसरा पीस काढून दिला, तक्रारीचा कागदही मागितला नाही. म्हणून पेढीतल्या एका सहकाऱ्याने दुकान विचारलं तेव्हा मी हेच सांगितलं. रॅम मोजून घे, एवढं मात्र बजावलं.

हे सगळं मी विसरलेही असते. पण २०२५च्या शेवटी रॅमचे भाव पेटले. एआयच्या सर्व्हरना लागणाऱ्या मेमरीत जास्त पैसा आहे, म्हणून कारखान्यांनी मोर्चा तिकडे वळवला. डीडीआर४ तर त्या आधीपासूनच आवरतं घेत होते. मायक्रॉनने डिसेंबरमध्ये जाहीर केलं की साध्या ग्राहकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच आता बंद. भाच्याचे मित्र ८ जीबीच्या एका स्टिकसाठी बाजार पालथा घालताहेत, आणि आमच्या घरी ३२ जीबी बसलेली आहे. दोन आठच्या असत्या तर आम्हीही त्यांच्याच रांगेत असतो. ताई म्हणाली, बघ, त्या माणसाने भलंच केलं. मी तिच्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

आता भाच्याने नवीनच काढलंय. एक स्टिक विकायची. दिलेल्या पैशांच्या दुपटीहून जास्त येतात, त्यात त्याने इंटर्नशिपचे साठवलेले घालायचे आणि आरएक्स ६६०० घ्यायचं. ते १३२ वॅट खातं, आपला एसएमपीएस सहज पेलेल, तूच तर तेव्हा भारीतला घ्यायला लावलास, असंही वर. मी म्हटलं, आणि दोन चॅनेल? तर म्हणतो, "मावशी, कार्ड आलं की त्याची स्वतःची मेमरी असते. तूच सांगितलं होतंस त्या दुकानदाराला, कार्ड असलं तर थोडाच फरक पडतो." शब्दन् शब्द लक्षात ठेवलाय मेल्याने.

मी विकायच्या विरोधात आहे, हे घरात सगळ्यांना सांगून झालंय. तरी परवा त्याने जाहिरात टाकली. किंमत फारच कमी लावली होती, ती मी त्याला बदलायला लावली.