पिलांची जात

मागील वर्षी मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडून गेल्यावर एका रविवारी सकाळी आमच्या दारात पुठ्ठ्याचे एक खोके आले. खोक्याला चारी बाजूंनी भोके पाडलेली होती आणि आत बारीक चिवचिवाट अखंड चालू होता. खोके घेऊन आली होती आमची एक जुनी विद्यार्थिनी. सतरा वर्षांपूर्वी ती आमच्या महाविद्यालयात कला शाखेच्या प्रथम वर्षाला होती. आता रायगड जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावी भातशेतीच्या जोडीने बदके पाळते. अंडी उबवण्याचे एक लहानसे यंत्रही तिच्या घरी आहे. परसातल्या गोगलगायींनी भेंडीची आणि पडवळाची कोवळी रोपे रातोरात फस्त केल्याची तक्रार आम्ही तिच्याजवळ फोनवर केली होती. तिने तिच्या परीने उपाय आणला होता.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. घरात पुस्तकांखेरीज काही पाळण्याचा आम्हांला सराव नाही. तिने खोके पडवीत ठेवले, उबेसाठी दिवा किती उंचीवर टांगायचा, पाण्याचे भांडे किती उथळ हवे, ते समजावून सांगितले आणि बाजाराला निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "सात हायेत, चार दिवसांची. मी संध्याकाली परत येईस्तोवर ओलखून ठेवा, कोन कोनत्या जातीचं ते."

परीक्षा घेणे हा आमचा व्यवसाय. ती देण्याचा प्रसंग बऱ्याच वर्षांनी आला होता. आम्ही कागद घेतला, तीन रकाने आखले: क्रमांक, वर्णन, जात. बदकांविषयी मिळेल ते वाचून काढले आणि खोक्यापुढे बसलो.

पहिली तीन पिले पिवळीधमक होती. बालवाडीच्या भिंतीवर, दिनदर्शिकेवर, रबरी खेळण्यांत बदकाचे पिल्लू म्हणून जे दिसते ते हेच. पांढऱ्या पेकिन बदकाची पिले पिवळी असतात, हे आम्ही नुकतेच वाचले होते. पेकिन मूळ चीनमधले. 1873 मध्ये ते अमेरिकेत पोहोचले आणि पुढे मांसासाठी जगभर पाळले जाऊ लागले. तिन्ही पिलांपुढे आम्ही 'पेकिन' असे लिहून टाकले. चौथे पिल्लूही पिवळेच, पण डोक्यावर आणि शेपटीकडे तपकिरी डाग असलेले. त्याच्यापुढे लिहिले: 'पेकिन, किंचित भेसळ.' हा शब्द लिहिताना आमचा हात अडखळला नाही, याची नोंद येथे केली पाहिजे. पाचवे आणि सहावे फिकट, धुरकट तपकिरी; डोळ्याजवळ पुसटशी रेघ. ती दोन्ही 'खाकी कॅम्पबेल'. सातवे पाठीवर गडद तपकिरी, पोटाशी पिवळे, पाठीवर पिवळे ठिपके आणि डोळ्यातून गेलेली ठळक काळी रेघ. ते अर्थातच 'गावठी'. तासाभरात उत्तरपत्रिका पूर्ण झाली आणि आम्ही समाधानाने जेवायला बसलो.

संध्याकाळी ती परतली. कागदाकडे तिने एकवार पाहिले, काही बोलली नाही. एकेक पिल्लू उचलून पडवीच्या फरशीवर सोडले.

पहिले खरोखरच पेकिन होते. रुंद डोके, आखूड जाड मान, होडीसारखे रुंद आणि जमिनीलगत असलेले अंग. दुसरे त्याच्या शेजारी सोडताच आमच्यासारख्यांनाही फरक कळला. ते डुलत नव्हते, उभे राहून धावत होते. मान बारीक, डोके अरुंद, अंग बाटली उभी ठेवावी तसे. तो पांढरा इंडियन रनर होता. पुढे पांढरी पिसे येणाऱ्या कितीतरी जातींची पिले जन्मतः पिवळीच असतात. इंग्लंडमधील एल्सबरीचीही तशीच. लवेच्या रंगावरून जात ठरवू पाहणारा तेथेच फसतो. रंगाच्या आधी पाहायची ती बांधणी आणि चाल.

चौथ्याचा पाय तिने अलगद उलटा करून दाखवला. पडद्यांच्या टोकांशी तीक्ष्ण नखे होती. शेपटीही इतरांहून लांब होती. "खोक्यावर झाकन ठेवा, रात्री चढून भायेर येईल." ज्याला आम्ही भेसळ म्हटले होते ते मस्कोव्हीचे पिल्लू होते. घराघरांतून पाळली जाणारी बहुतेक सारी बदके मॅलार्ड या एकाच रानबदकाची वंशज. मस्कोव्ही मात्र वेगळ्याच प्रजातीचे. इतरांची अंडी सुमारे 28 दिवसांत फुटतात, याची 35 दिवस घेतात. सगळी पिले एकाच सुमारास बाहेर यावीत म्हणून तिने मस्कोव्हीची अंडी आठवडाभर आधी यंत्रात ठेवली होती.

पुढची तीन पिले तिने ओंजळीत एकत्र घेतली आणि हसू लागली. ती सख्खी भावंडे होती. बाप खाकी कॅम्पबेल, आई गावठी. तपकिरी रंग फिका करून खाकी बनवणारा गुण लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रावर असतो. पक्ष्यांमध्ये मादी पिलाला ते गुणसूत्र केवळ बापाकडून मिळते, म्हणून लेकी बापासारख्या फिक्या. लेकाला आईकडूनही एक मिळते, म्हणून तो आईसारखा गडद. एका घरट्यातल्या बहिणींना आम्ही एका जातीत आणि भावाला दुसऱ्या जातीत टाकून मोकळे झालो होतो. या संकरात रंगावरून कळते ते एवढेच की मादी कोण आणि नर कोण.

राहिले तिसरे. ते तिने बराच वेळ हातात फिरवून पाहिले. "हे मना अजून सांगता येनार नाय. आठ आठवडे थांबा."

सातांपैकी एक उत्तर बरोबर आले होते.

ती गेल्यावर आम्हांला जातींच्या नावांचीही गंमत वाटू लागली. इंडियन रनर हे भारतीय नव्हेच. त्याचे मूळ जावा, बाली, लोंबोक या इंडोनेशियाच्या बेटांत. मस्कोव्हीचा मॉस्कोशी संबंध नाही. ते मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले. उलट खाकी कॅम्पबेल इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायरच्या श्रीमती कॅम्पबेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तयार केले. पण त्याच्या नावातील 'खाकी' मात्र आपल्याकडून गेलेला. फारसीत 'खाक' म्हणजे माती. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील पलटणींच्या मातकट गणवेशाला तो शब्द चिकटला, सैन्याबरोबर विलायतेला गेला आणि एका बदकाच्या अंगावर बसून परत आला. जे भारतीय म्हणवते ते भारतीय नाही आणि जे कॅम्पबेल म्हणवते त्याच्या नावात आपली माती आहे. वाङ्मयाच्या इतिहासात प्रवाहांची नावे शिकवणाऱ्यांनी यावर फार हसू नये.

आम्ही हसलोही नाही, कारण आम्हांला दुसरेच काही आठवत होते.

सतरा वर्षांपूर्वी निबंधवाचनाच्या तासाला ही मुलगी उभी राहिली. 'पाणी' तिच्या तोंडून 'पानी' आले, 'शाळा' 'शाला' आली, आणि वर्ग हसला. तास संपल्यावर आम्ही तिला प्राध्यापक-कक्षात बोलावले आणि कुरूप पिलाची गोष्ट सांगितली. हान्स अँडरसनने ती 1843 मध्ये प्रसिद्ध केली. मराठी मुलांना ती ग. दि. माडगूळकरांच्या आणि आशा भोसले यांच्या गाण्यातून ठाऊक असते. धीर देण्यासाठी शिक्षकाला इतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. तिने ती शांतपणे ऐकली आणि विचारले, "पन मॅडम, ते पिलू बदकच निघालं असतं तर?"

आम्ही हसून म्हणालो, अगं, तू राजहंसच आहेस. प्रश्न तिथेच मिटला, असे आम्हांला वाटले.

तो मिटला नव्हता. अँडरसनची गोष्ट आपण वाढण्याची, बदलण्याची गोष्ट म्हणून सांगतो. पण तिच्यात पिल्लू काहीच होत नाही. ते हंसाच्या अंड्यातून आलेले असते आणि शेवटी हंस असल्याचे उघड होते, इतकेच. त्याला टोचणाऱ्या बदकांची चूक वागण्याची ठरत नाही, ओळखण्याची ठरते. ते खरोखरच एक वेडेविद्रे बदक असते, तर त्या टोचण्याला गोष्टीत कोणते उत्तर होते? अपमानाचे परिमार्जन उच्च कुळाच्या दाखल्याने करणारी ही कथा आम्ही एका अठरा वर्षांच्या मुलीला दिलासा म्हणून सांगितली, आणि तिने तिच्यातील फट पहिल्याच ऐकण्यात पकडली. समीक्षा शिकवण्याचा पगार मात्र आम्ही घेत होतो.

याहून बोचणारी गोष्ट वेगळी आहे. त्याच सुमारास आमच्या टिपणवहीच्या समासात तिच्या नावापुढे आम्ही लिहिले होते: 'ग्रामीण. बेताची. उत्तीर्ण होईल.' ती उत्तीर्ण झाली. भित्तिपत्रकासाठी तिच्याकडे आम्ही कधी काही मागितले नाही, वाचनालयातून कोणते पुस्तक काढावे हे सांगितले नाही, पदवीनंतर पुढे काय, असे विचारले नाही. तीन वर्षांनी आमचे भाकीत खरे ठरले आणि आपली नजर अचूक आहे, असा आमचा समज पक्का झाला. पिल्लू वाढण्याआधी त्याला नाव द्यायचे आणि मग त्या नावाला पुरेल इतकेच दाणे टाकायचे, या पद्धतीत नजर चुकण्याची शक्यता कमीच.

त्या रात्री दिव्याच्या उजेडात पिले एकमेकांना चिकटून झोपली असता आमच्यापैकी एकाला काव्यशास्त्रातील एक तपशील आठवला. 'जात' या शब्दाने मराठीत जे ओझे वाहिले आहे ते सांगायला नको. बदकाच्या ब्रीडलाही आपल्याकडे रोजच्या बोलण्यात तोच शब्द आहे, आणि त्याचे मूळ जन्माच्या धातूत आहे. परंतु संस्कृत साहित्यशास्त्रात 'जाति' हे एका अलंकाराचेही नाव आहे. दंडीने स्वभावोक्तीला हे दुसरे नाव दिले आणि अलंकारांच्या यादीत तिला पहिले स्थान दिले. वस्तू जशी आहे तशी, तिच्या नानाविध अवस्थांसह डोळ्यांपुढे उभी करणे म्हणजे जाति. पुढे मम्मटाने स्वभावोक्तीची व्याख्या करताना ज्यांच्या स्वाभाविक क्रियांचे आणि रूपाचे वर्णन करायचे त्यांत पहिले उदाहरण घेतले ते 'डिंभ' हे. डिंभ म्हणजे बालक, पिल्लू.

ही व्याख्या आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो होतो. तिचा अर्थ त्या संध्याकाळी पडवीच्या फरशीवर कळला. आमची विद्यार्थिनी एकाही पिलाचे नाव आधी सांगत नव्हती. ते उभे कसे राहते, मान कशी धरते, नखे आहेत का, हे ती आधी दाखवत होती. नाव शेवटी येई, आणि जिथे ते येत नव्हते तिथे ती थांबली होती. आमच्या कागदावर 'वर्णन' हा रकाना होता, पण आम्ही तो 'जात' या रकान्याकडे जाण्याची पायरी म्हणून घाईने भरला होता. तिच्या लेखी तोच रकाना खरा होता. एकाच शब्दाच्या दोन अर्थांपैकी एक आम्ही शिकवत होतो आणि दुसरा वापरत होतो.

आठ आठवडे गेले. लव झडून पिसे आली. सातव्या आठवड्यात तिसऱ्या पिलाने खणखणीत आवाज काढला, तेव्हा ती मादी असल्याचे कळले. नराचा आवाज घोगरा आणि दबका होतो. श्रावणात आमची विद्यार्थिनी पुन्हा आली. तिसरीला तिने अंगणभर चालू दिले आणि म्हणाली, "संकर हाय. पेकिन आनि रनर, बहुतेक. याला काय नाव नाय."

"मग रकान्यात काय लिहायचं?"

"कशी हाय ते लिहा."

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात, ग्रंथ संपत आला असता, ज्ञानदेव आपल्या लेखनाविषयी एक प्रश्न विचारतात. राजहंसाची चाल भूतलावर नावाजलेली आहे, तेवढ्याने दुसऱ्या कोणी चालूच नये की काय, असा त्याचा आशय. आम्ही आजवर तो कवीचा विनय म्हणून शिकवला. पण बदक बदकच निघाले तर काय, या प्रश्नाचे उत्तर तेथे अँडरसनच्या साडेपाचशे वर्षे आधी देऊन ठेवलेले होते, आणि ते देण्यासाठी कोणालाही हंस ठरवावे लागले नव्हते. ते उत्तर तेव्हा आम्ही तिला द्यायला हवे होते. परवा दिले. ती म्हणाली, "हे तवाच सांगायचं की हो सर." इतके बोलून तिने विषय बदलला, तिला संध्याकाळची बस गाठायची होती.

त्या वर्षी प्रथम वर्षाच्या टिपणवहीचा समास आम्ही दिवाळीपर्यंत कोरा ठेवला. दिवाळीनंतर लिहिले तेही नाव न देता, पाहिलेले तेवढेच. हे किती दिवस जमेल, सांगता येत नाही. सवय जुनी आहे.

तो तीन रकान्यांचा कागद अजून आमच्यापाशी आहे. पाच ओळींत खाडाखोड करून नावे सुधारली आहेत. तिसरीच्या ओळीत 'पेकिन' खोडले आहे आणि जातीचा रकाना रिकामा आहे. वर्णनाच्या रकान्यात जागा अपुरी पडल्यामुळे मजकूर कागदाच्या मागच्या बाजूला गेला आहे: पांढरी, मान रनरसारखी उभी, पण अंग जड, त्यामुळे धावताना पुढे झुकते, गोगलगाय सापडली की आधी पाण्यात बुडवून घेते आणि मग गिळते, पाऊस आला की सर्वांच्या आधी अंगणात उतरते.