खिडकी उघड, छोटी

आमगाव, 8 ऑगस्ट

चि. सौ. छोटी,

कडेवर बाळ घेऊन तू माइकवर बोललीस आणि ‘पाजायला निवांत बसायला इथे एक खुर्ची नाही’ असं स्तनपान सप्ताहाच्या भर सभेत सरपंचांना ऐकवलंस, हे तुझ्या सासूबाईंकडून कळलं. त्या चिडल्यात. मी फोन ठेवून कितीतरी वेळ हसत होते.

पण एक सांगू? 1 ते 7 ऑगस्टचा हा स्तनपान सप्ताह आपल्याकडे ऐन धानाच्या रोवण्यात येतो. ज्यांच्यासाठी बोलायचं त्या बाया बांधीतल्या चिखलात. दुपारी हात धुऊन धुऱ्यावर बसतात, लेकराला पदराखाली घेतात. बाजूने ट्रॅक्टर गेला तरी कुणाचं काही अडत नाही. अडतं ते शिकलेल्यांच्या घरात. एसटी स्टँडवर हिरकणी कक्ष झाले, चांगलंच झालं. घरातली बाळंतिणीची खोली मात्र अजून तीच, दारंखिडक्या लावलेली. तुझी आजी तर चीकसुद्धा पिळून टाकायला लावायची. असो, तो राग पुन्हा कधीतरी.

तू विचारलंस रात्री पाजताना लावायच्या ट्यूबलाइटचं. अगं, डोळ्याच्या पडद्यात चित्र टिपणाऱ्या पेशींखेरीज आणखीही थोड्या पेशी असतात. त्या स्वतःच उजेड ओळखतात, हे 2002 साली सिद्ध झालं. समोर कोण आहे याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. उजेड किती, हे मोजून त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवत राहतात. त्यांच्यातलं मेलॅनॉप्सिन नावाचं रंगद्रव्य निळसर उजेडाने जास्त चेततं. रात्री असा निरोप गेला की आईचं मेलॅटोनिन, म्हणजे रात्रीचं संप्रेरक, दबतं. तेच तर रात्रीच्या दुधातून बाळाला मिळतं, आणि पहिले दोन-तीन महिने त्याचं स्वतःचं घड्याळ धड लागलेलं नसतं. त्यात तू पाजताना मोबाइल बघतेस! आपलं सगळं उलटंच, दिवसा बाळंतिणीला अंधारात कोंडायचं आणि रात्री लखलखाट.

दिवसा खिडकी उघड, ओसरीत बसून पाज. कुणी बोललं तर माझं नाव सांग. रात्री मंद पिवळा दिवा पुरे. अगदी काळोख मात्र नको गं. हे दिवस मण्यारीचे, ती रात्रीच घरात शिरते आणि चावल्याचं कधी कधी कळतही नाही. कोठीच्या भिंतीतली ती भेग अजून तशीच आहे ना? खाली निजू नकोस, मच्छरदाणी गादीखाली नीट खोच, टॉर्च उशाशी ठेव. आणि जावयांना म्हणावं, ती भेग आजच बुजवा.

तुझी आत्या