एस्पेराबा

शनिवारी दुपारी नांदेडहून लातूरची एसटी धरते. लोहा मागे पडेपर्यंत गर्दी असते, मग जरा बसायला मिळतं आणि मांडीवर वही उघडता येते. आब्लाबा, आब्लाबास, आब्लाबा, आब्लाबामोस, आब्लाबाइस, आब्लाबान. ओठातल्या ओठात म्हणत राहते. अहमदपूर येतं, चाकूर येतं. लातूरला आईच्या घरी पोचले तरी तोंड चालूच. आई विचारते, "काय पुटपुटायलीस गं?"

स्पॅनिश शिकायचं कारण माझी भाची. धाकटी बहीण माद्रिदला असते. तिची मुलगी पाच वर्षांची. तिला मराठी कळतं, पण फोनवर बोलताना दोन वाक्यांनंतर गाडी स्पॅनिशवर जाते. मागच्या दिवाळीत आईनं तिला आमच्या आजीचा फोटो दाखवला. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण. पोरीनं विचारलं, "के आसीआ?" बहिणीनं सांगितलं, ती विचारतेय, पणजी काय करायची? एका दिवसाचं नव्हे, रोजचं. आसीआ या एवढ्याशा शब्दात ते 'रोज' बसलेलं होतं. त्याच आठवड्यात मी पुण्याच्या एका बाईंची ऑनलाइन शिकवणी लावली.

आसीआचा हा काळ शिकायला सोपा आहे, असं बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आणि ते खरं निघालं. स्पॅनिश क्रियापदांच्या शेवटी आर, एर किंवा इर असतं. आर गेला की आबा लागतो: आब्लार म्हणजे बोलणं, आब्लाबा म्हणजे बोलायचे. एर आणि इर गेले की दोन्हींना ईआ: कोमेर, जेवणं, त्याचं कोमीआ, बिबिर, राहणं, त्याचं बिबीआ. नियम मोडणारी क्रियापदं सगळ्या भाषेत तीनच: असणं, जाणं आणि पाहणं. वर्तमानकाळात आडवीतिडवी जाणारी कितीतरी क्रियापदं इथे आली की सरळ वागतात.

अडले ते अर्थाशी. कोमीआ म्हणजे 'जेवायचे', रोजची सवय. आणि कोमीआ म्हणजेच 'जेवत होते', त्या घडीचं चालू काम. एकाच रूपात दोन्ही कशी ओळखायची? मी गाइडमधली प्रमाण मराठी वाक्यं समोर ठेवून झगडत होते. मग एकदा आईचं शेजारणीशी चाललेलं बोलणं कानावर आलं: "मी जेवायले होते, तवा फोन आला. आदी आमी समदे संगंच जेवायचो." जेवायले होते, जेवायचो. दोन्हींच्या मुळाशी ते 'जेवाय'च. आमच्या बोलीत दोन्ही अर्थ एकाच खोडाला फुटलेले आहेत. शाळेत निबंधात 'करायले होते' लिहिलं की त्याखाली लाल रेघ यायची. तीस वर्षं मी ते रूप लिहिताना टाळलं. आता वहीत कोमीआच्या पुढे तेच लिहिलं, जेवायले होते, आणि तो काळ मला एकदाचा उमगला.

आणखी एक गोष्ट सापडली, ती आजीच्याच तोंडची. तिच्या गोष्टीतला राजा रोज शिकारीला जाई, राणी माडीवरून वाट पाही. तो जाई, ती जाई, मी जाई: बाई-पुरुष सगळ्यांना रूप एकच. व्याकरणात याला रीतिभूतकाळ म्हणतात. आब्लाबाचंही तसंच. मी, तो, ती, तिघांना एकच शब्द. रोजच्या बोलण्यातून मराठीनं जवळजवळ सोडून दिलेली ही रीत स्पॅनिशमध्ये पाच वर्षांची पोर जेवताखेळता वापरते.

बाईंनी गृहपाठ दिला: बालपणावर दहा वाक्यं, याच काळात. मी आजीवर लिहिली. आजी आमच्यात राहायची, बिबीआ. पहाटे उठून भाकरी करायची. अंबाडीच्या पेंढ्या बांधून बाजारला न्यायची. आमचं गाव औसा तालुक्यातलं, घर माळवदाचं: जाड दगडी भिंती, वर लाकडं आणि त्यावर हातभर माती. उन्हाळ्यात आत गार असायचं. आठ वाक्यं झरझर झाली.

नववं वाक्य लिहायला दोन शनिवार गेले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालं होतं. मी नऊ वर्षांची. उशिरा आलेली आम्ही पोरं आईसोबत अंगणातच आडवी झालो होतो, आजी आत निजली होती. स्पॅनिशमध्ये ते असं होतं: दोर्मीआमोस, क्वांदो तेम्ब्लो ला तिएरा. आम्ही झोपेत होतो, तेव्हा जमीन हलली. झोप चालू होती, म्हणून दोर्मीआमोस. हलणं एकदाच झालं, म्हणून तेम्ब्लो, साधा भूतकाळ. दहावं वाक्य दोन शब्दांचं. आजीबद्दलची सगळी क्रियापदं आबा आणि ईआची, आणि हे एक नाही. मुरिओ. वारली.

बाईंनी वही तपासून पाठवली. शेवटच्या दोन वाक्यांवर काहीच खूण नव्हती. खूण होती सातव्यावर. मी लिहिलं होतं, "संध्याकाळी फाट्यावर एस्पेराबा", नेहमीचं वाट पाहणं. समासात बाईंचा प्रश्न: कोण? कर्ता लिहा, इथे कळत नाही.

मलाही लिहिताना कळलं नव्हतं. बाजारच्या दिवशी मी फाट्यावर आजीच्या एसटीची वाट पाहायचे, तिच्या ओट्यात माझ्यासाठी शेव-चिवड्याची पुडी असायची. आणि शेजारच्या गावाहून मी कीर्तन ऐकून परतायचे, तेव्हा आजी त्याच फाट्यावर कंदील घेऊन उभी असायची. मराठीत लिहिलं असतं तर 'पाहायचे' की 'पाहायची' हे तिथल्या तिथे ठरवावं लागलं असतं.

त्या शनिवारी एसटीत मी सातव्याची दोन वाक्यं केली. एकात लिहिलं यो, मी. दुसऱ्यात मी आबुएला, माझी आजी. एस्पेराबा दोन्हींत होतं तसंच राहिलं, एक अक्षरही बदलावं लागलं नाही. रविवारी भाचीचा फोन आला तेव्हा आधी दुसरं वाचून दाखवलं.