मेणवलीचा वाडा आणि आजीचं माहेर

मे महिन्यात सगळे महाबळेश्वरला जातात. आम्ही मात्र अलीकडेच, वाईजवळच्या मेणवलीला जायचं ठरवलं. बेत माझाच. 'स्वदेस'चं चित्रीकरण तिथे झालेलं, त्यामुळे धाकट्या भावाला घाटावर फोटो काढायचे होते. आईला एक दिवस स्वयंपाकातून सुट्टी हवी होती. आजीला मात्र यायचंच नव्हतं.

"काय बघायचं तिकडं? समदं पाणीच हाय."

आजीचं माहेर मेणवलीच्या पुढचं. धोम धरण झालं आणि तिचं गाव पाण्याखाली गेलं. तेव्हा ती लग्न होऊन पुण्यात आली होती. त्यानंतर या बाजूला ती कधी फिरकलीच नाही. बाबांनी खूप मनधरणी केली तेव्हा कुठे गाडीत बसली.

पहाटेच पुण्याहून निघालो. खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्यावरून वाईत आलो. ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं, करवंदं घेतली आणि ऊन चढायच्या आत मेणवलीत पोहोचलो.

वाडा नाना फडणवीसांचा, अठराव्या शतकातला. आत पाऊल टाकताच गारवा जाणवला. जाड भिंती, लाकडी खांब, एकूण सहा चौक. पेशवाईच्या कारभाराचे मोडी लिपीतले ढीगभर कागद या वाड्यात जपलेले होते. इतिहासाचे अभ्यासक त्यांना 'मेणवली दफ्तर' म्हणतात.

आजी गप्पच होती. एका खांबावरून तिने हळूच हात फिरवला.

"आमच्या सोप्यालाबी खांब हुतं. एवढं मोठं न्हाई, पण हुतं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. आजीच्या घराला सोपा होता, हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं. बाबांनाही नव्हतं.

वाड्यामागे कृष्णेचा घाट. आजीचे गुडघे दुखतात, म्हणून बाबांनी हात धरून तिला एकेक पायरी उतरवली. मेणेश्वराच्या देवळाजवळ एक मोठी घंटा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हा तिथल्या चर्चमधून आलेली ही घंटा, असं भावाने मोबाइलवर वाचून दाखवलं. आजीने घंटा नीट निरखली.

"म्हंजे हीबी माहेर सोडून आलीया की!"

आम्ही सगळे हसलो. आजीही हसली. मग पायरीवर बसून तिने नदीत पाय सोडले. लहानपणी वडिलांचं बोट धरून वाईला कृष्णामाईच्या उत्सवाला यायची, ते सांगू लागली. थोड्या वेळाने स्वतःच म्हणाली, "गाडी फुडं घे. बघू तरी किती पाणी हाय."

धरणावर पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. पाणी बरंच खाली गेलं होतं, काठाची माती भेगाळली होती. आजीने कपाळावर हात धरला आणि समोर बोट दाखवलं. "त्यो कमळगड. त्येच्या अल्याडच्या अंगाला आमचं गाव." पुढे ती काही बोलली नाही. बाबा तिच्या शेजारी उभे राहिले. सत्तरी ओलांडलेल्या आपल्या आईला माहेरची आठवण येत असेल, हे त्यांनाही त्या दिवशीच कळलं असावं.

नानांचे कागद राहिले, म्हणून तो काळ आपल्याला कळतो. आजीच्या घराचा मात्र एक फोटोही नाही. आता रोज रात्री जेवणं झाली की मी वही घेऊन तिच्याजवळ बसते. सोपा कुठे, चूल कुठे, गोठ्यात बैल किती, ती सांगते आणि मी लिहिते. काल घराचा नकाशा काढला. आजीने चश्मा लावून तो पाहिला आणि म्हणाली, "हिर चुकली. परड्यात न्हवं, दाराम्होरं हुती."

मी विहीर खोडून दारापुढे काढली. सुट्टी संपायच्या आत तुमच्याही आजीला तिचं घर एकदा विचारून बघा.