पायऱ्या मोजत दिल्ली

आई शहात्तर वर्षांची, दोन्ही गुडघे झिजलेले. चढताना आधी उजवा पाय वर, मग त्याच पायरीवर डावा, मग क्षणभर थांबायचं. मनात आकडा मोजत राहते, म्हणजे वेदनेकडे लक्ष जात नाही, असं ती म्हणते. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं तिने फळ्यावर लाल किल्ला काढून मुलांना दाखवला होता. तो एकदा डोळ्यांनी बघायचा होता. 2023च्या फेब्रुवारीत मी तिला दिल्लीला घेऊन गेले.

लाजपतनगरला राहणारी माझी भाची विमानाची तिकिटं काढायला निघाली होती. विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते, टर्मिनल तीनवरून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो थेट नवी दिल्ली स्टेशनला आणून सोडते, आजीला काही त्रास व्हायचा नाही, असं तिचं म्हणणं. आणि ते बरोबरच होतं. पण आईला वाटेत नर्मदा बघायची होती. म्हणून गोवा एक्सप्रेस. पुण्याहून भल्या पहाटे बसलो. संध्याकाळी इटारसी सोडल्यावर पूल आला, तेव्हा आईने खिडकीच्या गजांतून नाणं टाकलं आणि हात जोडले. त्या एका क्षणासाठी सगळा प्रवास मला पटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजरत निजामुद्दीन. डब्याच्या दारातल्या त्या लोखंडी पायऱ्या उतरणं हा आईसाठी डोंगर उतरण्यासारखाच प्रकार. एका हमालदादांनी सामान खाली ठेवून आधी तिला हात दिला. बाहेर ऑटोवाले हाका मारत होते, मीही तिकडेच वळणार होते, तेवढ्यात भाचीचा फोन आला, ‘मावशी, मेट्रोनेच या. सराय काले खानच्या बाजूला बाहेर पडा.’

लिफ्टने फलाटावर गेलो. पिंक लाइनची गाडी आली, दार उघडलं आणि आई दारातच थबकली. नजर खाली. ‘पायरी कुठे आहे गं?’ पायरी नव्हतीच. फलाट आणि डब्याची जमीन एका पातळीत. आत पाऊल टाकायचं, एवढंच. आत गेल्यावरही ती वळून त्या उंबरठ्याकडे बघत राहिली.

दिल्ली मेट्रोचा पहिला टप्पा, शाहदरा ते तीस हजारी, 24 डिसेंबर 2002 रोजी सुरू झाला. ई. श्रीधरन तेव्हा प्रमुख होते. हे नाव आईला चांगलं ठाऊक. तिचं माहेर राजापूरचं आणि 1998मध्ये सबंध सुरू झालेली कोकण रेल्वे बांधली गेली तीही त्यांच्याच हाताखाली. ‘म्हणजे माहेरी नेणारा आणि इथे आणणारा माणूस एकच,’ ती म्हणाली. लिफ्ट, उतार, अंध माणसाच्या काठीला वाट दाखवणाऱ्या उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या हे सगळं त्या चार दिवसांत मी पहिल्यांदाच नीट पाहिलं. एरवी माझी नजर त्यावरून घसरून गेली असती. त्या पहिल्याच प्रवासात घोषणा झाली, पुढचं स्टेशन विनोबापुरी. आईने एकदम माझा हात दाबला. आपल्या गागोद्याचे विनोबा!

सगळंच सोपं होतं असं नाही. लिफ्ट स्टेशनच्या प्रत्येक दाराशी नसते. कोणत्या गेटला आहे ते आधी विचारावं लागतं, आणि चुकीच्या गेटाने आलात तर मोठा रस्ता ओलांडून पलीकडे जायचं. एका स्टेशनवर लिफ्टच दुरुस्तीसाठी बंद होती. त्रेचाळीस पायऱ्या. आईने मोजल्या. वर पोचल्यावर ती काही बोलली नाही, बाकावर बसून गुडघे चोळत राहिली, आणि मला फार अपराधी वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी बसने गेलो. हिरवी, खालच्या जमिनीची बस. पायरी जेमतेम वीतभर. कंडक्टरने दोघींच्या हातात गुलाबी तिकिटं ठेवली. ऑक्टोबर 2019पासून तिथे बायकांना बसप्रवास फुकट होता. आईने ते तिकीट पाकिटात जपून ठेवलं.

लाल किल्ल्याच्या दिवशी व्हायोलेट लाइन धरली, गाडी न बदलता लाल किला स्टेशनपर्यंत. पुढचा डबा बायकांचा. कॉलेजातल्या एका मुलीने पुस्तकातून मान वर काढली आणि न सांगता उठली.

किल्ल्याआधी चांदणी चौक. तिथे सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंदी, त्यामुळे सायकलरिक्षा. ती उंच. आई बघूनच मागे सरली. रिक्षावाल्या काकांनी तिच्या पायांकडे एकदा पाहिलं, काही न बोलता रिक्षा वळवली आणि फुटपाथच्या कडेला अशी टेकवली की बसायची जागा तिच्या कमरेइतकीच वर राहिली. ‘आराम से, माताजी,’ म्हणत त्यांनी चाक पायाने धरून ठेवलं. उतरतानाही त्यांनी असाच उंचवटा शोधला.

लाहोरी दरवाजासमोर मी पुढचा रस्ता शोधत होते. कुठे चढ आहे, कुठे पायऱ्या, कुठे टेकायला जागा. वळून पाहिलं तर आई मान वर करून, बोटं दुमडत दरवाजावरचे छोटे पांढरे घुमट मोजत होती.

‘मी फळ्यावर पाचच काढायचे गं,’ ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.