टपाचं कापड, दाराचं रबर

जुनी गाडी दुरुस्त करतोय असं ऑफिसात सांगितलं की दोनच प्रश्न येतात. रंग कुठला देणार, आणि इंजिन चालू होतं का? रबराबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही! आणि धुळ्याला आमच्या अंगणात उभी असलेली बाबांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी मरणार होती ती रबरापायीच. इंजिन ठणठणीत. पण पुढच्या काचेचं रबर खानदेशी उन्हाने तडकलेलं, दर पावसाळ्यात पाणी आत, आणि मॅटिंगखाली पत्रा सडत चाललेला. वेल्डिंगवाला म्हणाला, "अजून दोन पावसाळे, मग पाय थेट रस्त्यावर." आई म्हणाली, भंगारात द्या. बाबा काही बोलले नाहीत. उठले आणि गाडीवर ताडपत्री टाकून आले.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तरी हिचं रबर अजून मिळतं. घेताना ईपीडीएमचं घ्या. साधं रबर उन्हात नि हवेतल्या ओझोनने लवकर चिरतं.

तर गाडी टेम्पोत घालून पारोळा-एरंडोलवरून जळगावला, एका कुशनवाल्या चाचांकडे. हल्लीच्या गाड्यांचं सिलिंग म्हणजे साच्यातल्या पुठ्ठ्यावर चिकटवलेलं कापड. पद्मिनीत तसं नाही. रेक्झिनच्या पाठीला पायजम्यासारखे नेफे शिवलेले असतात, त्यांतून लोखंडी कमानी जातात, आणि कमानींची टोकं टपाच्या कडेला अडकतात. प्रत्येक कमानीचा बाक वेगळा, म्हणून काढतानाच नंबर घालायचे. रेक्झिनची पुढची-मागची कड पत्र्याच्या ज्या ओठावर चिकटते, त्याच ओठावर नंतर काचेचं रबर बसतं. म्हणजे आधी टप, मग काच. डिपेंडन्सी काय असते ते तुम्हाला सांगायला नकोच.

मे महिना. चाचा सकाळी सहाला काम सुरू करायचे. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं. दुपारी ते कड सरळ करेपर्यंतच सुकून जातं. मात्र दुपारच्या उन्हात गाडी मुद्दाम उभी करायची, रेक्झिन मऊ पडतं नि सुरकुत्या ओढता येतात. आधी मधोमध, मग पुढे-मागे, मग बाजू. कात्री सगळ्यात शेवटी. मी एकदा कात्री हातात घेतली तर म्हणाले, "थांब ना भो, ते कुठं पळून चाललं?"

काच बसवायला बाबा स्वतः आत बसले. रबर आधी काचेला चढवायचं, त्याच्या खोबणीत नायलॉनची दोरी फिरवायची, साबणाचं पाणी लावायचं. बाहेरून आम्ही दोघं काच दाबतोय, आतून बाबा दोरी इंच-इंच ओढतायत आणि रबर पत्र्यावर चढतंय. गुडघ्यांमुळे ते चार वर्षं या गाडीत बसले नव्हते.

दाराचं बीडिंग ताणून लावू नका. पुढे ते आखडतं आणि सांध्यात फट पडते. बोटभर जास्तच ठेवायचं, सांधा खालच्या बाजूला घ्यायचा, आणि दाराच्या तळाची पाणी जायची भोकं बुजवायची नाहीत. (ही भोकं सीलंटने भरणारे हुशार लोक असतात. दार आतून सडतं.)

धुळ्याला परत आल्यावर अर्धा तास नळीने पाणी मारलं. डावीकडे खालच्या कोपऱ्यात दोन थेंब आले. रबराचा ओठ उचलून तिथे सीलंट भरलं, पुन्हा पाणी. मॅटिंग कोरडं. आई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. म्हणाली, "मग आता पासिंगचं काय ते बघा."