दहा रुपयांचे तेल

दिवाळीच्या तोंडावर बाबांनी पहिल्या वेच्याचा कापूस गावातल्याच व्यापाऱ्याला दिला. हिंगणघाटच्या बाजारात भाव अधिक; पण गाडीभाडे आधी रोख मोजावे लागते. आई तेल दहा-दहा रुपयांचे आणते, तेही महाग पडते. स्वस्त घ्यायलाही हाती पैसा लागतो! अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही गोष्ट मला सापडली नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा १९३४ नंतर हेच सांगत, की कच्चा माल खेड्यातच पक्का व्हावा, तेलघाणी गावातच फिरावी. आमची सरकी मात्र कापसाबरोबर बाहेर जाते आणि तेल दहा-दहा रुपयांनी घरात येते.

मी म्हटले, "बाबा, यंदा थोडा कापूस ठेवू."

"अन् तुही परीक्षेची फी थांबते का, बाप्पा?"